धुळीचा एक कण आणि फायबरचा लाल दिवा

आजची सुरुवात मोहालीपासून करू. तिथे सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी, म्हणजे एससीएल, ही सरकारी संस्था आहे. इस्रोच्या प्रक्षेपणयानांसाठीचे विक्रम प्रोसेसर तिथे तयार होतात. त्यांचं तंत्रज्ञान 180 नॅनोमीटरचं. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या जवळपास चारशेपट! एवढ्या बारीक कामात धुळीचा कण म्हणजे रस्त्यात पडलेला धोंडाच. म्हणून चिप बनवणारे लोक डोक्यापासून पायापर्यंत झाकून, गाळलेल्या हवेच्या क्लीन रूममध्ये काम करतात.

आता आपल्या घरात येऊ. भिंतीवरच्या फायबर मोडेमला जी बारीक केबल जाते, तिच्या टोकालाही हाच नियम लागू आहे. पण तिथे क्लीन रूम नाही. तिथे पंखा आहे, गालिचा आहे आणि आपली बोटं आहेत.

कनेक्टरच्या टोकाला जी पांढरी नळी दिसते, तिला फेरूल म्हणतात. तिच्या मधोमध 125 मायक्रॉनची काच, आणि त्या काचेच्याही मधोमध सुमारे 9 मायक्रॉनचा गाभा. सगळा प्रकाश या गाभ्यातूनच जातो. त्यावर एक कण बसला की प्रकाश अडतो, काही उलटा फिरतो. निम्मा प्रकाश अडला, तर 3 डेसिबलचं नुकसान. सिग्नल आधीच कमी असेल, तर एलओएसचा लाल दिवा लागतो आणि ऐन ऑनलाइन परीक्षेत नेट जातं.

याहून वाईट म्हणजे, घाण असताना कनेक्टर दाबून बसवला तर कण काचेत रुतून खड्डा पडतो. मग कितीही पुसा, उपयोग नाही. टोकच बदलावं लागतं. शिवाय घाण समोरच्या टोकालाही लागते. म्हणून साफ करायची ती दोन्ही टोकं.

आपण काय चुकतो? फुंकर मारतो, तोंडातला ओलावा काचेवर बसतो. शर्टाच्या टोकाने पुसतो. धागे आणि बोटांचं तेल लागतं. सॅनिटायझर लावतो, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. आणि टोपी लावली की झालं, असं समजतो. पण टोपीच्या आतही धूळ असते.

मग बरोबर पद्धत कोणती? आधी पाहा, मग साफ करा, पुन्हा पाहा. पाहायचं ते फायबर तपासायच्या मायक्रोस्कोपने किंवा स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोबने. टोकात डोळा घालून कधीच पाहू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

साफ करायला क्लीनर पेन मिळतो. सरळ लावायचा आणि 'टक' आवाज येईपर्यंत दाबायचा. प्रत्येक वेळी आतली कोरी पट्टी पुढे सरकते. एससी कनेक्टरला 2.5 मिलिमीटरचा, एलसीला 1.25 मिलिमीटरचा पेन लागतो. तेलकट डाग गेला नाही, तर धागे न सुटणाऱ्या कापडावर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टाका. टोक ओल्या भागावरून कोरड्या भागाकडे एकदाच, एकाच दिशेने ओढा. गोल घासू नका आणि वापरलेली जागा पुन्हा वापरू नका. टोक ओलं ठेवून जोडलं, तर वाळताना डाग उरतो.

सर्किट बोर्डाला मात्र धुळीइतकीच स्थिर विजेची भीती. वीज बंद करा, अर्थिंगचा मनगटी पट्टा बांधा, अँटिस्टॅटिक ब्रश वापरा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. त्याच्या नळीतून स्थिर वीज तयार होते.

शेवटी एक साधी गोष्ट. नेट गेलं की आधी मोडेम बंद करून चालू करा. फायबर उगाच काढू-घालू नका. आणि तंत्रज्ञ आले, की एवढंच विचारा, "दादा, जोडायच्या आधी टोक साफ केलंत का?" पुष्कळदा लाल दिवा तेवढ्यानेच विझतो.