फायटर श्रेष्ठ कीं बार्बेरियन?

सुटींत आमचीं नातवंडें 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला खेळ मांडतात. प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावयाचें, त्याची कृति बोलून सांगावयाची व फलाफल फाशांवर सोडावयाचें. परवां धाकट्या नातीनें 'फायटर' घेतला, 'बार्बेरियन' घेतलेल्या थोरल्या नातवानें "नुसता शिपाई!" म्हणून तिला हिणविलें. रडें आमच्यापर्यंत आलें, तेव्हां २०१४ सालची नियमपुस्तिका चष्मा लावून वाचणें भाग पडलें.

बार्बेरियन म्हणजे भीमाचाच अवतार. त्याचें प्राणबल बारा बाजूंच्या फाशानें मोजतात, फायटरचें दहा बाजूंच्या. क्रोध चढला कीं शस्त्राचा घाव त्यास अर्धाच लागतो. पण हा क्रोध मोजका. आरंभीं दोनदांच, मग आठ तासांची विश्रांति हवी. फायटरची जादा कृतीची संधि मात्र तासाभराच्या विसाव्यानें परत मिळते. पांचव्या पायरीवर दोघेही एका पाळींत दोन वार करतात. पुढें बार्बेरियन तेथेंच राहतो, फायटर अकराव्या पायरीस तीन व विसाव्या पायरीस चार वार करूं लागतो. दिवसांत एकच लढाई असेल तर बार्बेरियन, चारपांच असतील तर फायटर, असा निवाडा आम्हीं दिला. (मंत्रबळही वापरणारा पॅलाडिन या वादांत घेतलाच नाहीं.)

थोरल्यास तो मान्य नाहीं. नातीचा फायटर अद्याप तिसऱ्या पायरीवरच आहे.