मूत्रवह स्रोतसाचे कर्करोग आणि वनौषधी : प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत

अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या, असे वृत्त वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते आणि आठवडाभरात त्या वनस्पतीच्या चूर्णाची विचारणा औषधालयात सुरू होते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. अशा वेळी रुग्णाला काय सांगावे, काय द्यावे आणि काय देण्याचे टाळावे, हे ठरविण्यासाठी संबंधित संशोधन नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखता येणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही वृषण, पौरुषग्रंथी, मूत्राशय आणि गविनी यांच्या कर्करोगांविषयीच्या संशोधनातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करीत आहोत. या इतिहासात वनस्पती कधी औषध ठरली आहे, कधी निष्फळ आशा, कधी भेसळीवरचे आवरण, तर कधी प्रत्यक्ष व्याधिहेतूही ठरली आहे.

सदाफुलीचा प्रवास

आपल्या अंगणातील सदाफुलीच्या पानांचा काढा वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर मधुमेहासाठी घेतला जात असे. १९५० च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी या समजुतीची उंदरांवर परीक्षा केली. रक्तशर्करेवर अपेक्षित परिणाम दिसला नाही. मात्र अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील श्वेतकण झपाट्याने घटल्याचे आढळले. या अनपेक्षित निरीक्षणाचा पाठपुरावा करूनच व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड १९५८ मध्ये प्रकाशात आले.

पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न आणि जॉन डॉनोह्यू यांनी सिस्प्लॅटिन, व्हिनब्लास्टिन व ब्लिओमायसिन ही तीन औषधे एकत्र योजली. शरीरात पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगाच्या ४७ मूल्यमापनयोग्य रुग्णांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांत रोगाची सर्व चिन्हे नाहीशी झाल्याचे त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीनंतर व्हिनब्लास्टिनची जागा एटोपोसाइडने घेतली. हे औषधही पोडोफायलम या वनस्पतीतील द्रव्यापासून तयार केले जाते. या वनस्पतीची हिमालयातील जात बनककडी या नावाने परिचित आहे.

पौरुषग्रंथीच्या कर्करोगात वापरले जाणारे डॉसिटॅक्सेल हे टॅक्सस वृक्षाच्या पानांतील घटकापासून बनते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,००६ रुग्णांच्या चाचणीत, दर तीन आठवड्यांनी ते दिलेल्या गटातील मध्यम आयुर्मर्यादा १८.९ महिने, तर जुन्या औषधाच्या गटातील १६.५ महिने होती. लाभ अडीच महिन्यांहूनही कमी होता, तरीही तो मोजून सिद्ध झालेला होता.

या उदाहरणांवरून सदाफुलीची पाने चघळावीत असा निष्कर्ष काढणे मात्र घातक होय. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात आणि ते शिरेतूनच द्यावे लागते. पाने खाणाऱ्या रुग्णाला ठरावीक मात्रा कधीच मिळत नाही, अन्य अल्कलॉइडे मात्र पोटात जातात. तालीसपत्राची गोष्टही अशीच आहे. आयुर्वेदीय औषधकोशात तालीसपत्र म्हणून अ‍ॅबीज वेबियानाची पाने स्वीकृत आहेत. बाजारात त्याच नावाने टॅक्ससची पानेही येतात आणि ती हृदयास विषारी असतात. तेव्हा तालीसादी चूर्णासाठी काष्ठौषधी घेताना द्रव्याची ओळख पटविणे हे औषधनिर्मात्याचे पहिले कर्तव्य ठरते.

पेशींपर्यंत किती पोहोचते?

हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातील पौरुषग्रंथीच्या व मूत्राशयाच्या कर्कपेशींची वाढ रोखते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु काचपात्रातील पेशी कर्क्युमिनच्या द्रावणात बुडालेल्या असतात. रुग्णाच्या पेशींपर्यंत ते पोहोचायचे तर त्याला आतडे व यकृत ओलांडावे लागते. बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावरही रक्तात ते जवळजवळ सापडत नाही. सोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यास हे प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढते.

त्रिकटूच्या योगवाही गुणाची आठवण करून देणारा हा प्रयोग आहे. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे. पायपेरिन ज्या विकरांना आवर घालते, त्यांपैकी एका प्रमुख विकराकडूनच डॉसिटॅक्सेलचे यकृतात विघटन होते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास पिंपळी-मिरीयुक्त कल्प सुरू करणे म्हणजे त्या औषधाची मात्रा नकळत बदलण्याची शक्यता निर्माण करणे होय. कर्क्युमिनची डॉसिटॅक्सेलबरोबर प्रत्यक्ष परीक्षाही झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत एका गटास कर्क्युमिन व दुसऱ्यास निष्क्रिय औषध देण्यात आले. कर्क्युमिनचा अधिक लाभ दिसत नसल्याने ती चाचणी मध्येच थांबविण्यात आली.

औषध व्याधिस्थानी थेट पोहोचविल्याने काय साधते, याचे उदाहरण बीसीजी हे आहे. क्षयाची ही लस मूत्राशयात सोडल्यास वरवरच्या कर्करोगाची पुनरावृत्ती घटते, असे कॅनडातील अल्वारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अवघ्या ९ रुग्णांच्या अनुभवावरून मांडले. त्यांचा दावा रुग्णसंख्येइतकाच मर्यादित होता. त्यानंतर तुलनात्मक चाचण्या झाल्या आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या उपचारास मान्यता दिली.

निरुपद्रवी वाटणारे पूरक

सेलेनियम व ‘ई’ जीवनसत्त्व यांमुळे पौरुषग्रंथीचा कर्करोग टळेल, असे आधीच्या काही अभ्यासांवरून वाटत होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ३५,५३३ पुरुषांचा समावेश करण्यात आला. लाभ दिसत नसल्याने २००८ मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या. २०११ मध्ये पुढील पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, केवळ ‘ई’ जीवनसत्त्व घेतलेल्या गटात या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले. ज्या गोळीला सर्वांनी निरुपद्रवी मानले होते, तिचा अपाय मोठ्या संख्येच्या आणि दीर्घ मुदतीच्या तुलनेशिवाय उघड झालाच नसता.

आठ वनस्पतींचा कल्प

पीसी-स्पेस हा आठ वनौषधींचा कल्प १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पौरुषग्रंथीच्या रुग्णांमध्ये लोकप्रिय झाला. ज्येष्ठमध हा त्यातील एक घटक होता. तो घेतल्यावर रक्तातील पीएसएची पातळी खरोखरच उतरत असे. २००२ मध्ये तपासणीत त्याच्या विविध खेपांत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हा कृत्रिम स्त्रीसंप्रेरक, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि वेदनाशामक इंडोमेथॅसिन आढळले. उत्पादन बाजारातून मागे घेण्यात आले.

स्त्रीसंप्रेरकाने पौरुषग्रंथीचा कर्करोग आटोक्यात येतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखविले होते. त्या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे रुग्ण ज्या परिणामाचे श्रेय आठ वनस्पतींना देत होते, त्यात जुन्या संप्रेरकाचा वाटा किती, हे सांगणेच अशक्य झाले. वनस्पतींचा खरा गुण काही असला, तर तोही या भेसळीत कायमचा झाकला गेला. भेसळीने रुग्णाची हानी होते, तशीच शास्त्राचीही होते.

ईश्वरीकुळातील धोका

बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे १९९० च्या सुमारास वजन घटविण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीऐवजी, नामसाधर्म्यामुळे, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील मूळ वापरले गेले. शंभराहून अधिक व्यक्तींची वृक्के निकामी झाली. त्यांपैकी ज्या ३९ रुग्णांनी आपली निकामी वृक्के व गविनी काढून घेण्यास संमती दिली, त्यांच्यातील १८ जणांत मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आढळला. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल पेशीतील जनुकद्रव्याला चिकटून विशिष्ट प्रकारचा बदल घडविते आणि तो बदल अर्बुदात ओळखता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या कुळातील वनस्पती असलेल्या औषधांना मानवात निश्चितपणे कर्करोगजनक ठरविले आहे.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. ईश्वरी, म्हणजे आपली सापसंद, ही अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका होय. कीडामारीही त्याच कुळातील आहे. परंपरेत विषघ्न म्हणून ख्याती असली, तरी हे द्रव्य आभ्यंतर प्रयोगासाठी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा अपाय अनेक वर्षांनी प्रकट होतो. त्यामुळे देणाऱ्या वैद्याच्या अनुभवात तो सहसा येतच नाही.

चिकित्सालयात आणि औषधालयात

प्रौढ रुग्णात वेदनारहित रक्तमूत्रता दिसल्यास, विशेषतः तो धूम्रपान करणारा असल्यास, मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका प्रथम घ्यावी. या व्याधीतील रक्तस्राव स्वभावतःच थांबून थांबून होतो. गोक्षुरादी गुग्गुळ किंवा चंद्रप्रभा वटी सुरू केल्यावर तो थांबला, म्हणून औषध लागू पडले असे मानल्यास बहुमोल महिने वाया जातात आणि अस्तरापुरता असलेला कर्करोग स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. असा रुग्ण रक्तस्राव थांबला असला तरीही मूत्ररोग शल्यतज्ज्ञाकडे पाठवावा. तरुणाच्या वृषणातील वेदनारहित कठीण गाठीबाबतही हाच नियम पाळावा. तो कर्करोग पसरलेल्या अवस्थेतही बहुधा बरा होतो, म्हणून तेथील विलंब अधिकच अक्षम्य आहे.

निदान झालेल्या रुग्णास अग्नी, निद्रा, बल आणि मलप्रवृत्ती यांसाठी आपण निश्चितच साहाय्य करू शकतो. मात्र दिलेल्या प्रत्येक कल्पाची नोंद त्याच्या कर्करोगतज्ज्ञापर्यंत लेखी पोहोचली पाहिजे. औषधविक्रेत्यांनी काष्ठौषधींची खरेदी वनस्पतिशास्त्रीय नावानिशी करावी आणि प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार निषिद्ध आहे, हेही दुकानातील फलक व पत्रके छापताना लक्षात ठेवावे.

यापुढे एखादे नवे वृत्त वाचनात आल्यास चार प्रश्न विचारावेत : द्रव्य नेमके कोणते, ते व्याधिस्थानी किती पोहोचले, किती रुग्णांत पाहिले आणि कोणाशी तुलना केली. नोबल आणि बीअर यांनी मधुमेहाचा दावा खोटा ठरल्यावरही निरीक्षण सोडले नाही, म्हणून सदाफुलीतून औषध हाती आले. आपल्या द्रव्यांनाही तोच प्रामाणिक कस लावला, तर त्यांतील जे खरे आहे ते टिकेल आणि रुग्णाचा आपल्यावरील विश्वासही टिकेल.