सिंगल्स खेळताय? आधी लाइन बघा!

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये ना नेट, ना लाइन. ‘आउट होतं रे!’ असं जो जास्त जोरात ओरडेल, त्याचा पॉइंट. कॉलेजच्या टूर्नामेंटमध्ये मात्र अंपायर असतो. तेव्हा अंधेरी-मुलुंडला तासावर कोर्ट बुक करण्याआधी एवढं डोक्यात फिट करा.

सिंगल्सचं कोर्ट लांब पण अरुंद, 13.40 बाय 5.18 मीटर. बाजूची आतली लाइन आपली, मागची मात्र सगळ्यात शेवटची. शटल लाइनला टेकलं तरी ते इन!

सर्व्हिस करणाऱ्याचा स्कोअर सम (0, 2, 4) असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून सर्व्हिस. शटल तिरपं समोर जायला हवं. मारताना ते जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं आणि पाय उचलायचे नाहीत.

तीनपैकी दोन गेम जिंकायचे. गेम 21चा. 20-ऑल झालं की दोन पॉइंटची आघाडी लागते. 29-ऑलला पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला.

सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956मध्ये मलायातली सेलंगोर स्पर्धा जिंकली, तेव्हा पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. सर्व्हिस नेटमध्ये गेली तर नुसती सर्व्हिस जायची. 2006पासून प्रत्येक रॅलीला पॉइंट आहे. म्हणजे तीच चूक आज समोरच्याला फुकटचा पॉइंट देते. त्यामुळे बुक केलेल्या तासातली पहिली दहा मिनिटं स्मॅशला नको, सर्व्हिसला द्या!