दुखतंय नक्की काय?

इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेतली की घरचे आपल्याला कशातलंही विचारायला लागतात. मिक्सर जळला, टीव्ही दिसेना, आणि तिथून थेट औषधांपर्यंत! मागच्या सत्रात, ऐन सबमिशनच्या आठवड्यात आईचा फोन आला. "बाबांचे पाय फार दुखतायत रे. तुम्ही होस्टेलवर घेता ती गोळी दिली तर चालेल का? त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना, म्हणून विचारलं."

मी 'चालेल' म्हणणारच होतो. आपल्याकडे कॉम्बिफ्लाम म्हणजे चिवड्याच्या डब्याइतकीच सार्वजनिक वस्तू. पण का कोण जाणे, 'उद्या सांगतो' म्हणालो आणि मेडिकलला असलेल्या शाळेतल्या मित्राला गाठलं. त्याने जे सांगितलं आणि मग मी जे वाचलं, ते इथे मांडतोय. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी हीच जोडी असणार.

कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे बहुधा स्टॅटिन. लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम ती अडवते. मग लिव्हर आपली गरज रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून भागवतं. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७० च्या दशकात चक्क बुरशीत सापडलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सूज उतरवणारी पेनकिलर्स दुसरंच एन्झाइम अडवतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी बनतात आणि सूज, ठणका उतरतो.

"या दोन गोळ्यांचं आपसात फारसं भांडण नाही," मित्र म्हणाला. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक काही स्टॅटिन्सचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढवतं, तसं इथे सहसा होत नाही. मी खूश! "पण अरे, स्टॅटिन घेणारा माणूस एकटी स्टॅटिन घेतो का?"

खरा घोळ तिथे आहे. बाबांना बीपीची रॅमिप्रिल आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनही चालू आहे.

किडनीचा फिल्टर डोळ्यांसमोर आणा. आत येणाऱ्या नळीवर एक व्हॉल्व्ह, बाहेर जाणाऱ्या नळीवर दुसरा. गाळणं चालायचं तर मध्ये प्रेशर हवं. शरीरात पाणी कमी झालं किंवा किडनी थकलेली असली, की प्रोस्टाग्लँडिन इनलेट उघडा धरतात. पेनकिलरने तेच कमी झाले की इनलेट आवळतो. रॅमिप्रिल आउटलेट सैल करते. आता सांगा, मधल्या प्रेशरचं काय होईल? त्यात लघवी वाढवणारी तिसरी गोळी असेल तर पाणीही कमी. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एटीकेटी लागलेल्यालासुद्धा हे कळेल. शिवाय ही पेनकिलर्स शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. म्हणजे स्टॅटिन ज्यासाठी घ्यायची, त्याच्या बरोब्बर उलट!

ॲस्पिरिनची गंमत वेगळी. प्लेटलेटमधल्या एन्झाइमच्या ज्या खाचेत ती कायमची चिकटते, त्याच खाचेत आयबुप्रोफेन तात्पुरतं जाऊन बसतं. आधी आयबुप्रोफेन घेतलं तर ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही. रिझर्व्ह सीटवर कोणी रुमाल टाकून ठेवावा तसं. तोवर ॲस्पिरिन रक्तातून निघून गेलेली असते. अमेरिकेच्या एफडीएने २००६ मध्ये याबद्दल सूचनाच काढली होती. आणि दोन्ही एकत्र म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याची भीती जास्त, ते वेगळंच. आपल्याकडे ॲस्पिरिन आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात, त्यामुळे आपण ॲस्पिरिन घेतोय हे घेणाऱ्याला माहीतही नसतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं त्याने शेवटी विचारलं. "दुखतंय नक्की काय? सांधा की स्नायू?" स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. बहुधा दोन्ही बाजूंचे, मांड्या, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत. फार क्वचित स्नायू विरघळू लागतात, लघवी चहासारखी काळपट होते, आणि तो कचरा किडनीतच अडकतो. अशा वेळी वरून पेनकिलर देणं म्हणजे फायर अलार्मची वायर कापून पाण्याचा पाइपही बंद करणं.

याचा अर्थ घाबरून स्टॅटिन बंद करायची असा मुळीच नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंच्या तक्रारींपैकी ९० टक्क्यांहून जास्त तक्रारी स्टॅटिनमुळे नव्हत्याच. म्हणून तर निवाडा आपण करायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. तोवर साधी पॅरासिटामॉल, तीही प्रमाणात, पुष्कळांना चालते. मात्र कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असतं, हे पाकिटावर वाचा.

दुसऱ्या दिवशी फोन केला. बाबाच बोलले. "गुडघे नाही रे, मांड्या. दोन्ही. जिना चढताना तर विचारू नकोस." कधीपासून? "ती गोळी दहाची चाळीस केली ना, गणपतीनंतर, तेव्हापासून."

डॉक्टरांनी सीपीके नावाची रक्ततपासणी केली. आकडा वाढलेला निघाला. गोळी काही आठवडे थांबवून मग दुसरं स्टॅटिन कमी डोसमध्ये सुरू केलं. आता बाबा तीन मजले चढतात. जळलेला मिक्सर मात्र आईने माझ्यासाठी अजून तसाच ठेवलाय.