खेड्याचा अभ्यास



शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस एकच प्रश्न पाड्यापाड्यांतून ऐकूं येतो: आज टँकर येणार कीं नाहीं? शहापुरांत तानसेचें धरण १८९२ सालापासून उभें आहे. भातसेचा विस्तीर्ण जलाशय याच तालुक्यांत आहे व मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकीं सुमारें निम्में पाणी एकट्या भातसेंतून जातें. असें असून याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरच्या बायका वैशाखांत विहिरीच्या तळाशीं उतरून वाटीवाटीनें हंडा भरतात. ही हकीकत जुनीच आहे. नवी गोष्ट ही, कीं आमचा हा प्रश्न आतां विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला आहे. त्यावर व्याख्यानें होतात, प्रबंध लिहिले जातात व पदव्या मिळतात. हें शास्त्र कोठून आलें आणि तें आमच्या कितपत उपयोगीं पडलें, याविषयीं मला जें दिसलें तें आज सांगावयाचें आहे.

माझ्या लहानपणीं 'विकास' हा शब्द आम्ही फक्त गटविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीच्या पाटीवर वाचीत असूं. पाश्चात्य देशांत तो विद्यापीठांत शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ च्या जानेवारींत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीं मागासलेल्या प्रदेशांना शास्त्रीय ज्ञानाचें साहाय्य करण्याची योजना जाहीर केली. पुढें १९५२ सालीं हॉलंडांत हेग येथें आणि १९६६ सालीं इंग्लंडांत ससेक्स विद्यापीठांत या विषयाच्या स्वतंत्र संस्था निघाल्या. आशिया व आफ्रिका या खंडांतील अधिकारी तेथें जाऊन शिकून येऊं लागले. आपल्याच खेड्याचें दारिद्र्य समजून घेण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागावा, याचें मला प्रथम हसूं आलें होतें. परंतु त्या लोकांचें काम थोडें समजल्यावर तें हसूं आवरलें.

महाराष्ट्रांत मात्र ही वाट त्याहून जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या खेड्याची घर न् घर पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या गांवीं १७७१ सालीं एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ सालीं ती ७ एकरांवर आली होती. शेतकरी आळशी व उधळ्या, म्हणून कर्जबाजारी, असें कचेरींत बसून बोलणाऱ्यांना या दोन आंकड्यांनीं जें उत्तर दिलें तें शंभर व्याख्यानांनीं दिलें नसतें. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखालीं तेथें अशा पाहण्यांची शिस्तच पडली. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरांत बुडून गेलें आहे व तेथें उंच उंच इमारती झाल्या आहेत. मॅनसाहेबांनीं मोजलेलीं शेतें आतां त्यांच्या पुस्तकांतच उरलीं आहेत.

आतां आमच्याकडे येऊं. मुंबईस पवई येथें भारतीय तंत्रशास्त्र संस्था आहे, आय्. आय्. टी. या नांवानें ती सर्वांस ठाऊक आहे. तेथें १९८५ सालीं ग्रामीण भागासाठीं पर्यायी तंत्रज्ञान शोधणारें एक केंद्र निघालें आणि २००७ सालापासून त्या केंद्रांत 'तंत्रज्ञान व विकास' या विषयाची उच्च पदवी देण्यांत येऊं लागली. या शिक्षणक्रमांत विद्यार्थ्यास कांहीं आठवडे प्रत्यक्ष खेड्यांत जाऊन राहावें लागतें. पवईहून शहापूर-मुरबाड जवळ, म्हणून त्यांच्या अभ्यासाचा ओघ आमच्या बाजूला वळला. शहापुरांतील टँकरवर अवलंबून असलेल्या गांवांना भातसेच्या जलाशयांतूनच नळानें पाणी देतां येईल काय, याचाहि हिशेब त्या केंद्रांत मांडला गेला आहे.

हा हिशेब वाटतो तितका सोपा नाहीं. पाणी नळांतून जातांना नळाच्या भिंतीशीं घासतें व त्याचा जोर कमी होत जातो. नळ अरुंद घेतला तर जोर वाटेंतच संपतो आणि शेवटच्या पाड्याची तोटी कोरडी राहते. रुंद घेतला तर खर्च इतका वाढतो कीं योजना कागदावरून उठतच नाहीं. एका टाकीपासून वीस पाड्यांना फांट्या फुटल्या, तर प्रत्येक फांटीचा नळ किती रुंद असावा याचे पर्याय लाखोंनीं होतात. त्यांतून सर्वांत कमी खर्चाचा पर्याय निवडून देणारी 'जलतंत्र' नांवाची गणकयंत्राची आज्ञावली याच संस्थेंत तयार झाली. शेवटच्या तोटीला किती जोर पाहिजे हें आधीं सांगावें लागतें, आणि मग यंत्र खर्च मोजतें. हा क्रम मला फार आवडला. आमच्याकडील पुष्कळ योजनांत आधीं खर्च ठरतो व शेवटच्या तोटीचें पाहूं म्हणून सांगितलें जातें.

कोणी विचारील, शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखाला नळ तरी कशाला हवेत? याचें उत्तर पायाखालच्या खडकांत आहे. सह्याद्रीचा हा काळा पाषाण टणक आहे. वरची मुरूम-मातीची जी पातळ चादर आहे, तींतच काय तें पाणी मुरतें. खालच्या खडकांत भेगा असतील तेथें थोडें उतरतें. त्यांतून जमीन उतरती. मुरलेलें पाणी ओढ्यांतून, नाल्यांतून सारखें पाझरत राहतें आणि माघ-फाल्गुनापर्यंत चादर रिकामी होते. पाऊस किती पडला यापेक्षां तो जमिनींत किती दिवस टिकला हें विहिरीला महत्त्वाचें. म्हणूनच एकाच गांवांत खालच्या आळीची विहीर एप्रिलपर्यंत पुरते व वरच्या पाड्याची फेब्रुवारींत तळ दाखविते. कागदावर मात्र गांव एकच असतें, व त्यापुढें 'विहीर आहे' असेंच लिहिलेलें असतें.

ससेक्सच्या संस्थेंतील रॉबर्ट चेंबर्स यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत शहरी अभ्यासकांच्या खोडी मोठ्या मार्मिकपणें दाखविल्या आहेत. डांबरी रस्ता सोडून ते आंत जात नाहींत; ज्यांना बोलतां येतें अशा पुढाऱ्यांशींच बोलतात; आणि सुगीनंतरच्या कोरड्या, सोयीच्या दिवसांतच येतात. एका विद्यार्थ्यानें मला हें समजावून सांगितलें, तेव्हां माळशेज घाटाचा रस्ता डोळ्यांपुढें उभा राहिला. त्या रस्त्यानें मुरबाडांतून जाणारी मुंबईची मंडळी श्रावणांत धबधबे पाहावयास येतात. त्यांना आमचा मुलूख पाण्यानें भरलेला दिसतो. जानेवारींत येणाऱ्या अभ्यासकाला निराळाच चकवा बसतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीच्या पाहणींत त्यांच्या झोपड्या बंद दिसतात आणि गरिबांतले गरीब जे, तेच मोजणींतून गळतात. पवईच्या मुलांनीं वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत फेऱ्या मारल्या तर त्यांचे आंकडे खरे ठरतील, असें मीं त्या विद्यार्थ्याला सांगितलें. त्यानें तें वहींत टिपून घेतलें.

येथें एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी नोकरींत असतां, एका संस्थेचीं मुलें छापील तक्ते घेऊन एका पाड्यावर आलीं. लोक बोलेनात, म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर दारोदार हिंडलों. "सांगा, सारें खरें सांगा, यांतून पाणी येईल," असें मीं लोकांना सांगितलें. कर्ज किती, भात किती पिकला, घरांत भांडीं किती, सारें त्यांनीं सांगितलें. मुलें गेलीं तीं गेलीं. अहवालाची प्रत आली नाहीं, पत्र आलें नाहीं. पुढें दोन वर्षें त्या पाड्यावरची एक म्हातारी मला वाटेंत गांठून विचारी, "गुरुजी, त्या कागदांचं काय झालं वो?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. शब्द मीं दिला होता, त्या मुलांनीं नव्हे.

म्हणून अलीकडे पवईची एक विद्यार्थिनी त्याच पाड्यावर राहावयास आली, तेव्हां मीं तिला प्रथमच म्हटलें, "बाई, तुमचा प्रबंध इंग्रजींत असूं द्या. पण निघण्यापूर्वीं त्यांतलें काय तें मराठींत ग्रामसभेंत वाचून दाखविणार असाल, तरच मी तुमच्याबरोबर येतों." तिनें तें कबूल केलें.

तिचें काम पाहून मला पुष्कळ शिकावयास मिळालें. घरास पाणी किती लागतें असें विचारतां बायका "चार खेपा" म्हणत. हंडा किती लिटरांचा तें मोजून तिनें गुणाकार केला. तेथें जवळ बसलेली एक आजी हसली. "बाय, आतां हंडा भरतोय कुठं? अर्धाच येतो," ती म्हणाली. खेपा हिवाळ्यांत चार, उन्हाळ्यांतहि चारच. पाणी मात्र निम्में. त्या एका वाक्यासरशीं तिचा सारा तक्ता बदलला. मग तिनें विहिरीच्या कठड्यापासून दोर सोडून दर आठ दिवसांनीं पाण्याची खोली मोजण्यास सुरुवात केली व पाड्यावरच्या शाळकरी मुलांना तें शिकविलें.

ग्रामसभेच्या दिवशीं ती थोडी घाबरली होती. मराठी तिची मातृभाषा, परंतु शास्त्राचे शब्द तिला इंग्रजींतच येत. आदल्या रात्रीं आम्हीं बसून त्यांना आपल्याकडचे शब्द शोधले. तिनें वाचलें तें असें: या विहिरीचें पाणी फेब्रुवारीच्या शेवटास पिण्याजोगें राहत नाहीं, टँकर मात्र एप्रिलच्या मध्यास येतो. मधले सहा-सात आठवडे हा पाडा कोणत्याच कागदावर तहानलेला नसतो. विहीर खोल करून उपयोग नाहीं, कारण खालीं अखंड पाषाण आहे. वरच्या ओढ्याला बांध घातला तर पाणी महिनाभर अधिक टिकेल, त्याहून अधिक नाहीं. एका तरुणानें रागानें विचारलें, "म्हणजे पाणी नाहींच ना?" ती म्हणाली, "या खडकांत नाहीं, दादा. तें भातसेंतूनच आणावें लागेल." खोटी आशा न लावणारें उत्तर मीं त्या सभेंत प्रथमच ऐकलें.

तो तक्ता अर्जाला जोडून तालुक्याच्या कचेरींत दिला. पुढच्या उन्हाळ्यांत टँकर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत आला. नळ आलेला नाहीं. बांधाचा प्रस्ताव कचेरींत आहे. विद्यार्थिनीला पदवी मिळाली, तिचा प्रबंध पवईस आहे व त्याचा मराठी गोषवारा ग्रामपंचायतींत आहे.

त्या म्हातारीला हें सांगावयास मी मुद्दाम गेलों होतों. तिनें तें ऐकून घेतलें आणि माझ्या हातांतली वही उलटून पालटून पाहिली. दोराचें माप मुलें अजूनहि दर रविवारीं घेतात. आठवींतली एक मुलगी तें लिहिते. गेल्या रविवारीं तिनें पांच मीटर वीस लिहिलें होतें.