‘बाथरूममध्ये पडले, डॉक्टर!’

डोळ्याखाली काळंनिळं, मनगटावर जुने वळ आणि उत्तर ठरलेलं... ‘बाथरूममध्ये पडले!’ पालिका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत हा डायलॉग रोजचाच. त्यावर टाके, पेनकिलर, केस पेपरवर ‘पडून इजा’ एवढं लिहिलं, की काम संपलं. नेक्स्ट पेशंट!

हा सीन बदलायचं वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलनं मनावर घेतलं. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था एकत्र आल्या आणि २००० मध्ये तिथे ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. फंडा एकदम साधा. पोलीस स्टेशनची पायरी चढायची तर बाई दहादा विचार करते. सासरी कळलं तर? पण दुखतंय म्हणून दवाखान्यात जायला सहसा कुणी अडवत नाही. मग मदतीचं टेबल तिथेच का मांडू नये?

इथं डॉक्टर किंवा सिस्टरला शंका आली, की सोबतच्या माणसांना बाहेर थांबवून बाईला एकटीला विचारलं जातं, ‘घरी कुणी मारतं का?’ ती ‘हो’ म्हणाली, तर त्याच इमारतीत समुपदेशक असते. ‘तुझं काय चुकलं?’ असं ती विचारत नाही. ‘आज घरी जाणं सेफ आहे का?’ असं विचारते. धोका असेल, तर बाईला वॉर्डात ठेवून घेता येतं. पुढे पोलीस, वकील, निवारागृह... पण निर्णय तिचा! ‘नवऱ्यानं मारलं’ हे तिच्याच शब्दांत केस पेपरवर आलं, तर कोर्टात तोच कागद कामी येतो.

पुढे हे केंद्र पालिकेनं स्वतःकडे घेतलं आणि शहरातल्या इतर पालिका हॉस्पिटलांतही ‘दिलासा’ पोचलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं संरक्षण अधिकारी दिले, हॉस्पिटलांवर उपचारांची जबाबदारी टाकली.

म्हणजे सगळं आलबेल? छे! ही रिले रेस आहे. पहिल्याच डॉक्टरनं घाईत ‘अपघात’ लिहिलं, तर समुपदेशकापर्यंत बॅटन पोचतच नाही. पोलिसांनी ‘घरचं भांडण घरात मिटवा’ म्हटलं, की बाई पुन्हा त्याच दारात. एक कडी सुटली, की बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

आणि पहिली कडी कदाचित तुम्हीच असाल! शेजारच्या फ्लॅटमधून रात्री येणारे आवाज, मे महिन्यातही फुल स्लीव्हज घालून येणारी कलीग... ‘त्यांचा पर्सनल मामला’ म्हणून आपण इअरफोन लावतो. पण या कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही माहिती देऊ शकतं आणि चांगल्या हेतूनं दिली असेल, तर त्याबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. फक्त आधी तिच्याशी बोला, एकटीला गाठून. तिच्या नकळत केलेली ‘मदत’ तिच्यावरच शेकू शकते.

महिला हेल्पलाइन १८१. जीव धोक्यात असेल, तर ११२. दोन्ही नंबर आजच सेव्ह करा. कुणासाठी लागतील, सांगता येत नाही!