हिटलर सगळ्यांना ठाऊक, सालाझार किती जणांना?

शाळेत मास्तर कडक असले की पोरे त्यांना 'हिटलर' म्हणतात. कचेरीत साहेबांनी रजा नाकारली की तेही हिटलर. हे नाव इतके स्वस्त झाले आहे की फॅसिझम नेमका कशावर उभा राहतो, हे विचारायचे कुणाच्या मनातच येत नाही. मग काही समज पक्के होऊन बसतात. त्यांतले मोठे तेवढे इथे घेऊ.

पहिला समज : जिथे जुलूम, तिथे फॅसिझम.

याला उत्तर आमच्या पूर्व विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यातले, देवरी तालुक्यातले चिचगड इंग्रजी अमदानीत जमीनदारीचे ठाणे होते. तेव्हा हा सगळा जंगलपट्टा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. अशा जमीनदाऱ्यांत जमीन आणि जंगल यांवर एका घराण्याचा अंमल चाले, आणि मध्य प्रांतात बेगारीची चाल सर्रास होती. हा जुलूम होता, यात वाद नाही. पण रयतेने गणवेश घालून संचलन करावे, पक्षाचे कार्ड घ्यावे, शेजाऱ्याविरुद्ध घोषणा द्याव्यात, असे काही जमीनदाराला नको होते. तिने राबावे आणि वर तोंड करू नये, एवढ्यावर त्याचे भागत होते. फॅसिझमचा जन्म मात्र निवडणुका, वर्तमानपत्रे, कामगार संघटना असलेल्या समाजात होतो. लोक राजकारणात आलेले असतात. त्यांना घरी पाठवता येत नाही, म्हणून त्यांनाच एका पक्षामागे उभे करून बाकीच्या संघटना मोडल्या जातात. जमीनदारी गेली ती १९५० च्या कायद्याने. तो ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. म्हणजे एका कायद्याने जी गेली, ती व्यवस्था वेगळ्या जातीची होती.

दुसरा समज : हुकूमशहा बंदुकीच्या जोरावर सत्ता बळकावतो.

इटलीत १९२१ च्या निवडणुकीत मुसोलिनीच्या पक्षाला ५३५ पैकी ३५ च्या आसपास जागा मिळाल्या होत्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे काळे सदरेवाले फॅसिस्ट रोमवर चालून निघाले, तेव्हा राजाने लष्करी कायदा पुकारायला नकार दिला आणि मुसोलिनीलाच बोलावून पंतप्रधान केले. तो मिलानहून रोमला आला तो रेल्वेने. हिटलरचेही तसेच. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याच्या पक्षाला ३३ टक्के मते होती, तीही आधीपेक्षा घटलेली. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने त्याला चॅन्सेलर नेमले. याला आपण वापरून घेऊ, अशी जुन्या उजव्या पुढाऱ्यांची अटकळ होती.

याला जोडूनच एक उपसमज आहे : जर्मनीतल्या भयंकर महागाईने हिटलर आला. ती महागाई १९२३ ची. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना अवघी २.६ टक्के मते पडली. त्यांना वर चढवले ते १९२९ नंतरच्या मंदीने. बेकार साठ लाखांवर गेले, आणि त्याच वेळी सरकार खर्च छाटत होते.

तिसरा समज : हा सगळा भांडवलदारांचा कट.

यात अर्धे खरे आहे. इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या बड्या शेतमालकांनी १९२१ मध्ये फॅसिस्ट टोळ्यांना पैसा पुरवला, शेतमजुरांचे संघ मोडण्यासाठी. जर्मनीत मात्र मोठ्या उद्योगपतींची थैली खरी सैल झाली ती हिटलर चॅन्सेलर झाल्यावर, फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच्याबरोबर झालेल्या बैठकीत. २ मे ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि त्या गुंतवणुकीचे व्याज वसूल झाले. कट म्हणण्यापेक्षा हा सौदा होता. संप बंद झाला की मालक खूश, मग बाकीचे काय झाले याची चौकशी तो करत नाही.

चौथा समज सगळ्यांत चिवट आहे : काहीही म्हणा, हुकूमशाहीत कारभार शिस्तीत चालतो आणि स्वस्ताई असते.

हे वाक्य जुन्या गोव्याबद्दल अजूनही ऐकू येते. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार. आंतोनियो द ऑलिव्हेइरा सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, तिजोरी रिकामी झाली, आणि १९२८ मध्ये त्याला अर्थमंत्री केले. त्याची अट एकच : कुठल्याही खात्याच्या खर्चावर शेवटचा शब्द माझा. जमाखर्च जुळला, आणि त्या पुण्याईवर १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. ना भाषणबाजी, ना मोर्चे. हिशेबाच्या वहीतून आलेला हुकूमशहा.

पुढचे बघा. १९३१ च्या कायद्याने सरकारी परवान्याशिवाय नवा कारखाना काढता येईना, त्यामुळे जुन्या कारखानदारांना स्पर्धाच उरली नाही. १९३३ मध्ये मुसोलिनीच्या श्रमसनदेच्या धर्तीवर कामगार कायदा आला आणि संप गुन्हा ठरला. मालकांचे संघ सरकारमान्य, कामगारांचेही सरकारमान्य. फरक इतकाच की कामगारांच्या हातातले एकमेव हत्यार काढून घेतले होते. या शिस्तीचे फळ? १९७० मध्येही पोर्तुगालात साधारण चारांतला एक माणूस निरक्षर होता आणि पोटासाठी लाखो लोक फ्रान्सकडे निघाले होते.

गोव्यात १९३० चा वसाहत कायदा लागू झाला. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळात त्याला विरोध केला. त्यांचे 'प्रकाश' हे पत्र सरकारने पुढे बंद पाडले. सेन्सॉरचा पहारा इतका बारीक होता की लग्नाची निमंत्रणपत्रिकाही मंजुरीशिवाय छापता येत नसे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांनी सभा घेतली, ती या मुस्कटदाबीविरुद्धच.

आणि स्वस्ताई? ती होती, पण तिचे मूळ सालाझारच्या शिस्तीत नव्हते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले. भारताने १९५४-५५ मध्ये नाकेबंदी केल्यावर या खनिजाच्या पैशावर हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट येऊ लागले. हातात आला तो परदेशी माल. खाणीतल्या मजुराला संपाचा हक्क नव्हता, हे दुकानाच्या फळीवर दिसत नसे.

पाचवा समज : आपल्याकडची आणीबाणी हाच फॅसिझम होता, किंवा उलट, ती केवळ 'अनुशासन पर्व' होती.

दोन्ही टोके चुकतात. २५ जून १९७५ ला जे झाले ते राज्यघटनेतल्याच कलम ३५२ च्या आधारे. लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. सप्टेंबरात अध्यादेशाने कामगारांचा किमान बोनस ८.३३ वरून ४ टक्क्यांवर आणला गेला. फॅसिझमच्या अर्थकारणाची ही खूण ओळखीची आहे. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली. नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला ती चार विरुद्ध एक मतांनी काढून घेतली. तो एक म्हणजे न्या. ह. रा. खन्ना. पण मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार पडले. मुसोलिनी किंवा सालाझार यांना असे घरी पाठवता आले नाही. माझ्या मते आणीबाणी ही हुकूमशाही होती, फॅसिझम नव्हे. आणि यात तिला कसलीही सवलत नाही.

शेवटचा समज : माणूस गेला की राजवट जाते. १९६८ मध्ये सालाझार आजारी पडून पदावरून गेला. जागी मार्सेलो काएतानो आला आणि गुप्त पोलिसांचे नुसते नाव बदलले. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे १९५५ पासून कैदेत होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, तरी त्यांची पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. राजवट कोसळली २५ एप्रिल १९७४ ला, आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. आणि गोवा भारताचा आहे, हे पोर्तुगालने मान्य केले त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला.